पॅनेलवर सगळं हिरवं होतं, मग तार जिवंत कशी? वीज कंपनीच्या संचालक मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व संचालक मंडळ,
वीज कंपनी.

विषय: किनारपट्टीवरील उपकेंद्रांतले रिले-टेस्टिंग बंद करणारे परिपत्रक मागे घेण्याबाबत.

महोदय,

आपले गेल्या महिन्यातले परिपत्रक एका जुन्या सहकाऱ्याने मला मोबाइलवर पाठवले. दोनच पाने आहेत, पण मी ती तीनदा वाचली. त्यात तीन निर्णय आहेत. ज्या उपकेंद्रांत न्यूमेरिकल रिले (तारेतला दोष ओळखून वीज तोडायला लावणारी संगणकी उपकरणे) बसले आहेत तिथले नियमित टेस्टिंग यापुढे होणार नाही; रिले स्वतःच स्वतःला तपासतो, तेव्हा त्याचा स्वयंतपासणीचा अहवाल हाच टेस्ट रिपोर्ट मानायचा. किनाऱ्यावरचे टेस्टिंग युनिट किट आणि गाडीसकट घाटावरच्या युनिटमध्ये विलीन करायचे. आणि नव्या डिजिटल उपकेंद्रांतले संदेशवहन तपासायचे काम ज्याने माल पुरवला त्या पुरवठादारानेच करायचे.

मी याच कंपनीत २९ वर्षे टेस्टिंगमध्ये काढली. गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि आता गुहागर तालुक्यात गावी राहते. हेच सगळे मी आधी साध्या अर्जात लिहून कार्यालयात नेऊन दिले होते. आवक क्रमांक मिळाला, उत्तर आले नाही. म्हणून आता सगळ्यांदेखत लिहिते आहे. ज्यांच्या परड्यावरून आणि शाळेच्या छपरावरून या तारा जातात त्यांनाही हे कळायला हवे.

माझा पुतण्या याच भागात कंत्राटी वायरमन आहे. वय २६. मे महिन्यातल्या एका दुपारी सड्यावरून (कातळाच्या माळावरून) जाणारी ११ केव्हीची तार तुटून कातळावर पडली. गुरे राखणाऱ्या एका म्हाताऱ्याने त्याला फोन केला. निघण्याआधी त्याने उपकेंद्रात विचारले. ऑपरेटरने पॅनेल बघून सांगितले की फीडर (उपकेंद्रातून गावांकडे जाणारी लाइन) चालू आहे, ट्रिप नाही म्हणजे आपोआप बंद पडलेला नाही, रिलेवर काही आलेले नाही, सगळे हिरवे आहे. पोराने हिशेब केला: ११ केव्हीची तार पडली असती तर फीडर उडाला असता, तेव्हा ही कुणाच्या तरी घराची सर्व्हिस वायर असणार. तो तिथे पोचला तेव्हा तारेच्या टोकाशी सुके गवत धुमसत होते आणि बारीक चर्र असा आवाज येत होता. पलीकडे दोन शेळ्या पडलेल्या. तो दहा पावलांवर थांबला. तो आवाज त्याने ओळखला, एवढ्यामुळेच तो आज आहे.

त्या रात्री तो माझ्याकडे आला. जेवला नाही. बराच वेळ गप्प बसून मग म्हणाला, "आत्ये, पॅनेलवर सगळं हिरवं होतं. मग तार जिवंत कशी?"

हे सगळे पत्र त्याच्या या प्रश्नाचे उत्तर आहे. ते मी त्याला दिले, आता आपल्यालाही देते.

उपकेंद्रातून निघणाऱ्या प्रत्येक फीडरला एक ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा मोठा स्विच, असतो आणि राखणीला एक रिले. तारेतला शेकडो अँपिअरचा प्रवाह सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) लहान करून १ किंवा ५ अँपिअरवर आणते. रिले तो मोजतो. मर्यादा ओलांडली की बॅटरीच्या जोरावर ट्रिप कॉइलला हुकूम सुटतो आणि ब्रेकर उघडतो. सीटी, तिथून पॅनेलपर्यंतच्या वायरी, रिले, त्यातले सेटिंग, बॅटरी, ट्रिप कॉइल, ब्रेकरची यंत्रणा: ही एक साखळी आहे आणि तिची एक कडी सुटली तरी सगळे संपले. हिरवा दिवा यातल्या फक्त एका डब्याबद्दल बोलतो. डब्याच्या आतला प्रोसेसर चालू आहे, मेमरी शाबूत आहे, वीजपुरवठा ठीक आहे, इतकेच तो सांगतो. आत भरलेले सेटिंग त्या जमिनीला योग्य आहे का, हे त्याला कुठून कळणार?

त्या दिवशी रिले बिघडलेला नव्हता. फीडरची सीटी २००/१ ची, अर्थफॉल्टचे (जमिनीत शिरणाऱ्या प्रवाहाचे) सेटिंग २० टक्के, म्हणजे २०० पैकी ४० अँपिअर. घाटावरच्या काळ्या ओल्या मातीत तार पडली तर एवढा प्रवाह सहज जातो. आमचा जांभा मे महिन्यात कोरडा ठणठणीत असतो. त्यावर पडलेल्या तारेतून जमिनीत शिरणारा प्रवाह ४० च्या जवळपासही जात नाही. रिलेच्या लेखी काहीच घडलेले नव्हते. माणूस मारायला मात्र तेवढा प्रवाह पुष्कळ होतो. कातळावरून जाणाऱ्या फीडरला सेन्सिटिव्ह अर्थफॉल्टचे वेगळे संरक्षण लागते, आणि त्याचे सेटिंग ठरवायला कुणीतरी त्या सड्यावर उभे राहून जमीन मोजावी लागते. आमच्या युनिटने पूर्वी काही फीडरांवर हे केले होते. नवे रिले आले तेव्हा सगळीकडे एकच सेटिंग-शीट भरली गेली. नव्या रिलेत ही सोय आतच असते, ती कुणी चालू केली नव्हती. टेस्टिंगला गेलेल्या माणसाने सेटिंग-शीट आणि फीडरचा नकाशा शेजारी ठेवला असता तर ते दहा मिनिटांत लक्षात आले असते.

आता आपल्या बाजूने जे खरे आहे ते मान्य करते. मी लागले तेव्हा तबकडीचे रिले होते. काचेआड ॲल्युमिनियमची तबकडी फिरताना दिसायची. सेटिंगच्या दहापट करंट दिला आणि टाइम मल्टिप्लायर १ वर ठेवला की साधारण ३ सेकंदांनी कॉन्टॅक्ट मिळायला हवा. साडेतीन लागले की समजायचे, बेअरिंगमध्ये धूळ आहे. न्यूमेरिकल रिलेत तबकडी नाही आणि बेअरिंगही नाही. त्याची वेळ वर्षानुवर्षे तीच राहते. तेव्हा प्रत्येक रिलेला दरवर्षी प्रत्येक पायरीवर करंट इंजेक्ट करत बसावे, असा माझा आग्रह नाही. त्यात माणसांचे दिवस जातात आणि शटडाऊनपायी लोकांचे हाल होतात.

पण परिपत्रकात ‘परदेशातील प्रचलित पद्धत’ असे शब्द आहेत, म्हणून ती पद्धत पूर्ण सांगायला हवी. अमेरिकेत एनईआरसी या वीज-विश्वासार्हता संस्थेचा पीआरसी-००५ हा नियम मोठ्या ग्रिडसाठी आहे. त्यात देखरेखीखालच्या मायक्रोप्रोसेसर रिलेला १२ वर्षांपर्यंत मुदत आहे, देखरेख नसलेल्याला ६. मात्र देखरेखीखालचा रिले कुणाला म्हणायचे तेही तिथे लिहिले आहे: ज्याच्या बिघाडाचा अलार्म २४ तासांच्या आत दखल घेऊ शकणाऱ्या माणसापर्यंत पोचतो तो. त्याच नियमात ट्रिप कॉइलने ब्रेकर खरोखर उघडतो का हे दर ६ वर्षांत एकदा प्रत्यक्ष बघायला सांगितले आहे. देखरेख नसलेले संरक्षणाचे संदेशवहन तर दर ४ महिन्यांनी बघायचे आहे. आपण यातले १२ वर्षांचे वाक्य उचललेत आणि बाकीचे तिथेच सोडलेत. मी स्वतः उघडलेल्या अनेक पॅनेलांत वॉचडॉग कॉन्टॅक्टची, म्हणजे रिले बिघडल्याचा अलार्म देणारी, वायर टर्मिनलवर नुसती बांधून ठेवलेली होती, पुढे कुठेच गेलेली नव्हती. त्या रिलेचा बिघाड कुणाला कळणार?

नव्या डिजिटल उपकेंद्रांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण परिपत्रकातले सर्वांत घातक वाक्य त्यांच्याबद्दल आहे.

पूर्वी एका पॅनेलचा हुकूम दुसऱ्या पॅनेलला तांब्याच्या वायरीतून जायचा. आता ती जागा फायबर आणि नेटवर्क स्विचने घेतली आहे, आणि आयईसी ६१८५० या मानकाप्रमाणे रिले एकमेकांना निरोप पाठवतात. त्या निरोपाला गूस म्हणतात. आमच्या युनिटमधली जुनी माणसे त्याला गूजच म्हणत, आणि मला ते आवडायचे. चारचौघांत बोललेले, पण ज्याला कळायला हवे त्यालाच कळणारे, असे ते बोलणे असते. काही घडले नाही तरी रिले ठरावीक अंतराने ‘मी आहे, ठीक आहे’ असे सांगत राहतो. काही घडले की निरोप तत्काळ बदलतो, आणि पोचपावतीची वाट न बघता तो काही मिलिसेकंदांच्या अंतराने पुन्हा पुन्हा सांगतो. सर्वांत कडक वर्गातल्या ट्रिपच्या निरोपाला पोचायला ३ मिलिसेकंदांची मुदत आहे. आपल्या विजेचा एक फेरा २० मिलिसेकंदांचा असतो, त्यावरून अंदाज यावा.

वायरीचे एक बरे होते. ती सुटली की दिसायची, हाताने ओढून बघता यायची, मल्टिमीटर लावता यायचा. निरोप दिसत नाही. तो ऐकायला लॅपटॉप लागतो, नेटवर्कमध्ये शिरायची परवानगी लागते आणि काय ऐकायचे हे कळणारा माणूस लागतो.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी जुलैत खाडीकाठच्या एका ३३/११ केव्ही उपकेंद्रात घडलेली गोष्ट सांगते. रात्री पावणेतीनला जेटीकडच्या फीडरवर सुरूचे झाड कोसळले. फीडरच्या रिलेने पाव सेकंदात ट्रिपचा हुकूम दिला. ब्रेकर उघडला नाही. खाऱ्या हवेने त्याच्या यंत्रणेतली एक पट्टी गंजून धरली होती. असे होऊ शकते हे गृहीत धरूनच ब्रेकर-फेलची योजना असते. ब्रेकर उघडला नाही असे दिसताच फीडरचा रिले इनकमरच्या (उपकेंद्रात वीज आणणाऱ्या मुख्य ब्रेकरच्या) रिलेला निरोप धाडतो, इनकमरचा ब्रेकर उघडतो आणि सगळा बस (सर्व फीडरना वीज देणारी सामायिक पट्टी) बंद पडून फॉल्ट तुटतो. एकूण अर्ध्या सेकंदाच्या आत. त्या रात्री फॉल्ट २ सेकंदांहून जास्त चालला. शेवटी इनकमरने स्वतःच्या ओव्हरकरंटवर, सावकाश, ट्रिप केले. तोवर तार वितळून बर्फाच्या कारखान्याच्या पत्र्यावर पडली होती. पाऊस कोसळत होता आणि आत त्या घडीला कुणी नव्हते. दिवसा तिथे मासळीच्या टोपल्या घेऊन बायका रांगेत उभ्या असतात.

सकाळी मी पोचले. दोन्ही रिले हिरवे. फीडरच्या रिलेच्या नोंदीत साफ दिसत होते की ब्रेकर-फेलचा निरोप वेळेवर गेलेला आहे. इनकमरच्या नोंदीत काहीच नाही. स्विच ठीक, फायबर ठीक. निरोप हरवल्याचा अलार्मही नाही, म्हणजे निरोप पोचत होते. मी स्विचच्या पोर्टला लॅपटॉप लावला आणि येणारे निरोप एकेक उघडून बघितले. तिसऱ्या का चौथ्या निरोपात एक बारीक रकाना होता: टेस्ट. त्यात ‘हो’ लिहिलेले.

फीडरचा रिले टेस्ट मोडमध्ये होता. सात महिन्यांपूर्वी उपकेंद्र चालू करताना पुरवठादाराच्या माणसाने त्याला टेस्टवर टाकले, आपले काम केले आणि तसाच सोडून तो गेला. टेस्ट मोडमधल्या रिलेच्या प्रत्येक निरोपावर ‘ही चाचणी आहे’ असा शिक्का असतो आणि ऐकणारा रिले तो शिक्का बघून निरोप बाजूला ठेवतो. त्याने तसेच करायला हवे, मानकच ते सांगते. इनकमरचा रिले अगदी बरोबर वागला होता. आणि या मोडमध्ये फीडरच्या रिलेचे स्वतःच्या ब्रेकरला जोडलेले वायरीचे आउटपुट चालूच राहते, त्यामुळे सात महिने साधे फॉल्ट नीट ट्रिप होत राहिले. कुणाला शंका येण्याचे कारणच नव्हते. त्या मॉडेलमध्ये मोड बघायचा तर मेनूत तीन पायऱ्या खाली उतरावे लागते. स्काडाच्या (दूरच्या नियंत्रण कक्षातल्या देखरेख यंत्रणेच्या) सिग्नल यादीत तो बिंदू घेतलाच नव्हता.

यातली एकही गोष्ट स्वयंतपासणीत सापडली नसती. रिलेला स्वतःत काही बिघाड दिसलाच नसता, कारण बिघाड नव्हताच. दोन तासांच्या शटडाऊनमध्ये दोघांनी मिळून ब्रेकर-फेल प्रत्यक्ष चालवून बघितले असते, फीडरला करंट दिला असता, ब्रेकर मुद्दाम अडवून धरला असता आणि इनकमर उघडतो का ते पाहिले असते, तर पहिल्याच फेरीत कळले असते. असे टेस्टिंग त्या उपकेंद्रात एकदाही झाले नव्हते. कमिशनिंगच्या (उपकेंद्र चालू करतानाच्या तपासणीच्या) कागदावर मात्र ‘ब्रेकर-फेल: समाधानकारक’ असे लिहून सही केलेली होती. सही पुरवठादाराच्या माणसाची.

आणि आता आपण परिपत्रकात म्हणता की हे काम त्यांनीच करावे.

मी त्या माणसाला दोष देत नाही. त्याच्यावर महिन्यात पाच उपकेंद्रे संपवायची घाई होती आणि रात्री अकराला तो तिथून निघाला होता. पण ज्याने पेपर लिहिला त्यानेच तो तपासायचा, असे शाळेतही चालत नाही. दुसरे म्हणजे फाइलचा प्रश्न. कोणता रिले कुणाला काय सांगणार, याचा सगळा आराखडा डिजिटल उपकेंद्रात एका फाइलमध्ये असतो. पूर्वीच्या वायरिंग ड्रॉइंगची जागा तिने घेतली आहे. त्या उपकेंद्राची शेवटची फाइल मी मागितली तेव्हा ती आपल्या कोणत्याही कार्यालयात नव्हती. ती पुरवठादाराच्या एका लॅपटॉपवर होती आणि तो लॅपटॉप परराज्यात दुसऱ्या कामावर गेला होता. मिळायला अकरा दिवस लागले. आपल्या घराच्या किल्ल्या आपल्याकडे नसाव्यात, हे मला तेव्हाही सहन झाले नाही. पासवर्डही कारखान्यातून आले तेच होते. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनमध्ये परक्यांनी संगणकातून शिरून ब्रेकर उघडले आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. तेव्हा ही काळजी माझी एकटीची नाही.

टेस्टिंग युनिट घाटावर नेण्याबद्दल. नकाशावर अंतर थोडे दिसते. पण जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले तेव्हा वाशिष्ठीवरच्या जुन्या पुलाचा भाग वाहून गेला आणि आंबा घाटात रस्ता खचला. किट घेऊन येणारी गाडी कुठून उतरणार होती? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडची गावे कित्येक दिवस अंधारात होती. खांब उभे करणाऱ्या माणसांना सगळ्यांनी पाहिले आणि त्यांचे कौतुक झाले, ते व्हायलाच हवे होते. पण खांब उभा राहिल्यावर लाइन चार्ज करायची तर आधी रिले आणि ब्रेकर शहाणे आहेत ना, हे बघावे लागते. ते आम्ही बघत होतो. ओल्या कंट्रोल रूममध्ये, जनरेटरवर किट चालवून, अंगावरचे कपडे वाळायच्या आत पुढच्या उपकेंद्राला निघून. युनिट किनाऱ्यावर होते म्हणूनच ते जमले.

शिवाय इथली हवा घाटावरच्या माणसाला सांगून समजत नाही. सीटीचे टर्मिनल एका पावसाळ्यात हिरवे पडते. मार्शलिंग बॉक्सचे (वायरी एकत्र येतात त्या पेटीचे) झाकण उघडले की आत पाल असते, मुंग्यांचे वारूळ असते, कधी सापाची कातही. फायबरच्या टोकावर खारट दमट पापुद्रा बसतो आणि निरोप अधूनमधून गळू लागतात. पूर्ण तुटत नाहीत म्हणून अलार्म येत नाही. एका उपकेंद्राच्या गच्चीवरचा जीपीएस घड्याळाचा अँटेना माकडांनी मोडला होता. तिथल्या रिलेंची घड्याळे शेजारच्या उपकेंद्रापेक्षा चार मिनिटे मागे पडली आणि एका मोठ्या ट्रिपिंगनंतर आधी कोण उडाले हेच आम्हाला ठरवता येईना. या गोष्टी माहीत असलेली तीन माणसे त्या युनिटमध्ये अजून आहेत. त्यांच्या बदलीचे आदेश परिपत्रकाच्या दुसऱ्याच दिवशी निघाले, असे मला कळले आहे.

कुणी म्हणेल, एका कोपऱ्यातल्या फीडरवरून एवढे काय! ३० जुलै २०१२ च्या पहाटे अडीचच्या सुमारास ४०० केव्हीच्या बीना-ग्वाल्हेर लाइनवर एका डिस्टन्स रिलेने (फॉल्ट किती दूर आहे ते मोजणाऱ्या) झोन ३, म्हणजे दूरच्या टप्प्यात, ट्रिप दिले. लाइनवर फॉल्ट नव्हता, जास्तीचा भार होता. तो रिलेला दूरच्या फॉल्टसारखा दिसला. उत्तरेचे ग्रिड कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रिड गेली आणि ६० कोटींच्या आसपास लोकांची वीज बंद झाली. त्या रिलेचा प्रोसेसर जळालेला नव्हता. त्याला जे शिकवले होते तेच त्याने केले. म्हणूनच मी पुन्हा पुन्हा म्हणते आहे की रिले जिवंत आहे का, एवढे विचारून भागत नाही. त्याला काय शिकवले आहे, आणि तो बोलला तर पुढच्याला ऐकू जाते का, हे माणसाने जाऊन बघावे लागते.

माझ्या मागण्या लिहिते.

परिपत्रक किनारपट्टीच्या जिल्ह्यांपुरते, पालघर ते सिंधुदुर्ग, आधी स्थगित करावे आणि मग मागे घ्यावे.

करंट इंजेक्शनचे अंतर वाढवायचे तर जरूर वाढवा, पण त्याच्या जागी साखळीचे टेस्टिंग बंधनकारक करा. प्रत्येक फीडरचा ब्रेकर वर्षातून एकदा, पावसाआधी, रिलेच्या हुकमाने उघडून बघायचा. हँडलने उघडलेला धरायचा नाही. ब्रेकर-फेल, इंटरट्रिप (एका ब्रेकरबरोबर दुसराही उघडणे) आणि बसबारच्या योजना डिजिटल उपकेंद्रांत दोन वर्षांतून एकदा टोकापासून टोकापर्यंत चालवायच्या. रिलेचे फर्मवेअर किंवा ती आराखड्याची फाइल बदलली की लगेच, मुदतीची वाट न बघता.

प्रत्येक रिलेचा टेस्ट मोड आणि वॉचडॉग स्काडावर दिसलाच पाहिजे. यात मोठा खर्च नाही. सिग्नल यादीत दोन ओळी वाढवायच्या आहेत आणि सुटलेली वायर जोडायची आहे.

पुरवठादाराने कमिशनिंग करावे, पण तपासणीची सही आपल्या टेस्टिंग युनिटची असावी. चालू फाइलची प्रत विभागीय कार्यालयात कुलपात राहावी आणि पासवर्ड बदललेले असावेत.

कातळावरून जाणाऱ्या फीडरांची यादी करून त्यांचे अर्थफॉल्ट सेटिंग नव्याने ठरवावे. ही यादी करायला मोठा अभ्यासगट लागत नाही. वायरमनना विचारा, ते तासाभरात सांगतील.

टेस्टिंग युनिट इथेच ठेवावे. त्या तिघांच्या बदल्या थांबवाव्यात आणि त्यांच्या हाताखाली दोन नवी मुले द्यावीत. मी निवृत्त होताना माझ्या जागी कुणी आले नाही. जे मला येत होते ते शिकवायला मला समोर माणूसच मिळाला नाही, याचे दुःख आजही आहे.

पावसाळ्याआधीची शेवटची शटडाऊन मेच्या तिसऱ्या आठवड्यात घेतली जाते. तिचे वेळापत्रक ठरण्याआधी आपला निर्णय लेखी कळवावा. माझ्याकडे २९ वर्षांच्या नोंदवह्या आहेत: कोणत्या उपकेंद्रात कोणते टर्मिनल दरवर्षी हिरवे पडते, कोणत्या फीडरखाली कातळ आहे, कोणत्या ब्रेकरची कोणती पट्टी धरते, सगळे तारखेनिशी. त्या मी कंपनीला द्यायला तयार आहे. गाडी पाठवायची गरज नाही, एसटीने घेऊन येईन. फक्त त्या ज्याच्या हातात द्यायच्या तो माणूस तिथे नेमलेला असावा.

आपली,
एक निवृत्त टेस्टिंग अभियंता
ता. गुहागर, जि. रत्नागिरी